शंकूची जाडी

नीरजा आठल्ये रत्नागिरीच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. बोलणं मोजकं, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं, आणि उत्तरापुढे एकक लिहिल्याशिवाय हातातला खडू खाली ठेवायचा नाही, अशी तिची रीत. शाळेत तिला कोणी भीत नसे, पण तिच्यासमोर कोणी अंदाजपंचे बोलतही नसे.

२००० सालच्या डिसेंबरात विज्ञान प्रदर्शनासाठी तिने एक सूर्यघड्याळ केलं. पुठ्ठ्यावर पंधरा सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ, त्यावर तासांच्या रेघा, आणि मधोमध पत्र्याचा कातरलेला त्रिकोण उभा. या त्रिकोणाला शंकू म्हणतात. त्याची तिरपी कड दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जाते आणि जमिनीशी गावाच्या अक्षांशाइतका कोन करते. रत्नागिरीला तो सतरा अंशांचा. सावलीची कड ज्या रेघेवर पडेल, तो तास झाला. गावच्या सूर्याची वेळ धरली, तर प्रदर्शनाच्या दोन्ही दिवशी ते पुठ्ठ्याचं घड्याळ चार-पाच मिनिटांपलीकडे चुकलं नाही.

शाळेचे मुख्याध्यापक देवदत्त सर ते बघून फार खूश झाले. पुढच्या वर्षी शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. आवारात लोकांनी वर्षानुवर्षं बघावं असं काहीतरी हवं, असं त्यांच्या मनात होतंच. त्यांनी नीरजाला बोलावून सांगितलं, हेच दगडात करायचं, दहापट मोठं.

दहापट मोठं म्हणजे दीड मीटर त्रिज्या. ऐकायला सोपं. नीरजाने मात्र त्या संध्याकाळी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं : चूक कुठून शिरेल?

उत्तरं तिने शोधून शोधून काढली. आराखडा मोठा करून घ्यायला बाजारातल्या नकला काढायच्या मशीनवर गेली, तेव्हा आधी दहा सेंटिमीटरचा साधा चौकोन वाढवून बघितला. एक बाजू चौदा पूर्णांक एक भरली, दुसरी चौदा पूर्णांक तीन. दोन मिलिमीटर कोणाच्या डोळ्यांत येत नाहीत. पण दहापट करायला त्याच मशीनवर सहा-सात वेळा वाढवावं लागलं असतं, आणि शेवटी चौकोनाचा आयत होऊन सगळे कोन बिघडले असते. तो मार्ग तिने सोडला. कागदावर भिस्त ठेवायचीही सोय नव्हती. समुद्रावरच्या दमट हवेत कागद फुगतो, तोही एका बाजूने जास्त. पेन्सिलीची रेघ अर्ध्या मिलिमीटरची. दहापट केली की पाच मिलिमीटरची पट्टी होते, मग खरी रेघ तिच्या कुठल्या कडेला? कोनमापकावर अर्धा अंश डोळ्याने पकडता येत नाही. आणि रत्नागिरीत अर्धा अंश ही थट्टा नव्हती. गावाचा अक्षांश जितका कमी, तितक्या दुपारच्या आसपासच्या रेघा दाटीने बसतात. इथे बारा आणि अकरा यांच्यामध्ये जेमतेम साडेचार अंश. एक अंश चुकला की तेरा मिनिटं गेली.

म्हणून तिने आराखडा मोठा केलाच नाही. प्रत्येक रेघेच्या टोकाचं मधल्या रेघेपासूनचं अंतर गणिताने काढलं, दोनदा ताडून बघितलं, आणि ठरवलं की ही अंतरं थेट दगडावरच मोजायची. अकराची रेघ अकरा पूर्णांक सात सेंटिमीटरवर, दहाची पंचवीसवर, अशी यादी. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत छापायला म्हणून तीच अंतरं घालून एक देखणं रेखाटनही केलं. आकार दहापट झाला तरी कोन बदलत नाही, या एका गोष्टीवर तिचा पूर्ण भरवसा होता. तो भरवसा चुकीचा नव्हता. हेच पुढे तिला फार लागलं.

बांधायचं काम महिपत रांबाडेकडे आलं. महिपत मिस्त्री म्हणजे चिऱ्याच्या कामातला नावाजलेला माणूस. पंचावन्नच्या पुढचा, सुकल्या अंगाचा, कानावर पेन्सिल. त्याने उभारलेल्या भिंतीला दुसऱ्या कोणी ओळंबा लावलेला त्याला खपत नसे. आपण चाळीस वर्षांत वाकडी भिंत उभी केली नाही, हे तो कोणी न विचारताही सांगायचा. देवदत्त सरांनी त्याला सांगितलं होतं की चौथऱ्यावर एक दगड बसवू आणि त्यावर बाईंच्या नावाखाली तुझंही नाव कोरू. त्या दिवशी महिपत घरी जाताना पेढे घेऊन गेला. आपण बांधतो ती घरं मालकाच्या नावाने उभी राहतात, देवळं देवाच्या नावाने. एवढ्या वर्षांत आपलं नाव असलेला एक दगड कुठे नाही, असं तो नीरजाला एकदा म्हणाला होता. तक्रार म्हणून नव्हे, नोंद सांगावी तसा.

ऑक्टोबरात चौथरा उभा राहिला. वर काळ्या कडप्प्याच्या लाद्या पाणसळ लावून सपाट बसवल्या. उत्तर दिशा नीरजाने स्वतः काढली, होकायंत्रावर विसंबून नव्हे तर दोरीला टांगलेल्या ओळंब्याच्या सावलीवरून, तीन दिवस. शंकू मात्र लोखंडी पत्र्याचा करायचा बेत होता, तो व्हरांड्यात चहा पिताना बदलला. महिपत म्हणाला की खाऱ्या वाऱ्यात पत्रा दोन पावसाळेसुद्धा काढायचा नाही. कडप्प्याचा केला तर पोरं त्यावर बसणार आणि तो मोडणार. त्यापेक्षा इथल्या तांबड्या जांभ्या दगडाचा करू. पण जांभा चार इंचांखाली उतरवला तर ठिसूळ होतो. सरांना ते पटलं. नीरजाने एवढंच विचारलं, की वरची कड सरळ येईल का आणि कोन सतराचाच राहील का. महिपत म्हणाला, सुतासारखी येईल. आणि आलीही. तिने स्वतः मोजली; सतरा अंश, ना कमी ना जास्त. वहीत तिने नोंद केली : शंकू, पत्र्याऐवजी जांभा, जाडी चार इंच, टिकाऊ. पुढे बरोबरची खूण. ही नोंद साहित्याच्या पानावर गेली. चुकांच्या पानावर नाही.

डिसेंबरच्या मध्यावर लाद्यांवर खडूने रेघा आखून झाल्या. कोरायचं तेवढं बाकी होतं. त्या दिवसांत शाळेतला जो तो मनगट पुढे करून नीरजाला सांगायचा, बाई, तुमचं घड्याळ मागे आहे. कारकुनांनी सांगितलं, चित्रकलेच्या सरांनी सांगितलं, टपाल घेऊन येणाऱ्याने सांगितलं. नीरजा प्रत्येकाला तेच समजावायची : आपल्या मनगटावरची वेळ सगळ्या देशाची एक, ती पार पूर्वेकडच्या एका रेखांशावरून धरलेली. सूर्य तिथून रत्नागिरीला यायला सदतीस मिनिटं घेतो. शिवाय ऋतूप्रमाणे त्यात थोडं कमी-जास्त होतं. दगड आपल्या गावची खरी वेळ दाखवतो. पंधरा-वीस वेळा हे सांगून तिचं तोंड दुखलं होतं. त्यामुळे त्या सोमवारी महिपत तिच्यापुढे येऊन उभा राहिला, तेव्हा तो काय सांगणार हे आपल्याला माहीत आहे, असंच तिने धरलं.

महिपत रविवारचा पूर्ण दिवस चौथऱ्याशी बसून होता. रेडिओला घड्याळ लावून घेतलेलं. सावली ज्या क्षणी रेघेवर आली, ती वेळ त्याने बिडीच्या बंडलावरच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिली होती. आठच्या रेघेवर आठ चाळीस. अकराच्या रेघेवर अकरा अठ्ठावन्न. एकच्या रेघेवर एक वाजून आठ. चारच्या रेघेवर चार सव्वीस. तो म्हणाला की मागं असेल तर सारखं मागं असावं. हे सकाळी तासभर मागं राहतं आणि दुपारी धावत येऊन गाठतं. मग लाद्यांपाशी उकिडवा बसून त्याने बोट ठेवलं.

"बाई, ही रेघ निघत्ये दगडाच्या पोटातनं. सावली निघत्ये दगडाच्या कडेवरनं. दोगींचं मूळ येक न्हाय."

नीरजाने बघितलं. म्हणजे नजर तिकडे गेली. तिने त्याला सांगितलं की सावलीची कडच वाचायची असते, मधला भाग नाही, आणि फरक पडतो तो रेखांशाचा. तिने बोटाने हवेत पृथ्वी काढली, तिच्यावर रत्नागिरी दाखवली. महिपतने ऐकून घेतलं. मग म्हणाला, अजून खडूच आहे. सकाळच्या रेघा दोन इंच इकडे आणि दुपारच्या दोन इंच तिकडे सरकवून बघू या का? अर्ध्या तासाचं काम आहे.

"मिस्त्री, आकडे मी दोनदा तपासलेत. एक सूतसुद्धा इकडचं तिकडे करू नका."

तो कागद तिने वहीत ठेवला, त्याला बरं वाटावं म्हणून. महिपतने छिन्नी काढली. पुढच्या आठवड्यात रेघा कोरून झाल्या. नीरजा रोज संध्याकाळी पट्टी लावून मोजायची. पूर्ण चौथऱ्यावर कुठेही मिलिमीटरभर फरक नव्हता. एवढ्या सरळ रेघा तिने कागदावरसुद्धा क्वचित मारल्या होत्या.

उद्‌घाटन जानेवारीतल्या एका शनिवारी झालं. पाहुणे म्हणून हरिहर दामले आले होते, शाळेचे जुने विद्यार्थी, धरणांच्या कामावर मुख्य अभियंता होऊन निवृत्त झालेले. महिपत धुतलेला पांढरा शर्ट घालून कडेला उभा होता. त्याची बायको गंगा वाडीतून आली होती. नावाचा दगड अजून बसवला नव्हता. उद्‌घाटनानंतर सोमवारी महिपतने स्वतःच तो कोरायचा, असं ठरलं होतं.

दामल्यांनी फीत कापली, फलकावरची माहिती नीट वाचली आणि खिशातून चष्मा काढला. आजच्या तारखेला दगडाची वेळ घड्याळाच्या पंचेचाळीस मिनिटं मागे असेल, असं नीरजाने फलकावर लिहिलं होतं. दामल्यांच्या मनगटावर पावणेबारा झाले होते. म्हणजे सावली बरोबर अकरावर हवी. ती होती दहा आणि अकराच्या अधेमधे, दहा छत्तीसच्या सुमाराला. माणूस आयुष्यभर मोजमापात गेलेला. त्याने घाई केली नाही. स्मरणिकेतलं रेखाटन मागून घेतलं, गणित डोळ्याखालून घातलं, मान डोलावली. बाईंचं काम सुरेख आहे, म्हणाले. चोवीस मिनिटांचा फरक मग बांधणीतच कुठेतरी राहिला असणार. कागदावरचं जमिनीवर उतरताना असं होतंच. आपल्या मिस्त्री लोकांना दोन इंचांचं काही वाटत नाही. ते हसून म्हणाले, आणि सगळे हसले.

देवदत्त सरांना मात्र हसू आलं नाही. ते नीरजाकडे वळले आणि सगळ्यांसमोर विचारलं, की रेखाटनात तर काही नाही ना?

नीरजाच्या डोक्यात त्या क्षणी खरोखर काहीच नव्हतं. आकडे दोनदा तपासलेले होते. एवढंच तिला आठवलं. रेघा मोजल्या होत्या, त्याही बरोबर होत्या, हे आठवायला हवं होतं. चूक रेखाटनात नाही आणि चूक हातात नाही, तर मग ती आहे कुठे, असं सर्वांसमोर विचारायला हवं होतं. विज्ञान शिकलेल्या माणसाने तेच केलं असतं.

"रेखाटन बरोबर आहे, सर," ती म्हणाली.

महिपतने तिच्याकडे एकदा बघितलं. मग तो खाली, आपल्या पायांकडे बघत राहिला. गंगाने पदर सारखा केला. थोड्या वेळाने चहा आला आणि माणसं पांगली.

सोमवारी नावाचा दगड आला नाही. सर म्हणाले, तूर्त राहू दे, घड्याळ दुरुस्त झालं की बघू. शाळेच्या दोन नव्या वर्गखोल्या महिपतच्याच हातून व्हायच्या होत्या, त्या दुसऱ्याला गेल्या. गाव लहान. बंदरावरच्या चहाच्या टपरीत महिपतला 'घड्याळवाला' म्हणायला लागले. एकाने त्याला म्हणे विचारलं, मिस्त्री, भिंत आज उभी ऱ्हाईल का चोवीस मिनटांनी? सगळी टपरी हसली, आणि महिपत चहा अर्धा टाकून उठला. हे नीरजाला शाळेच्या शिपायाने सांगितलं, गंमत म्हणून. थोड्या दिवसांनी कळलं, की महिपत शहरातली कामं सोडून तिकडे हेदवीला कोणाच्या तरी बंगल्यावर गेला.

मे महिन्याच्या आठ तारखेला रत्नागिरीत सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो. ओळंब्यात उभ्या असलेल्या वस्तूची सावली त्या घटकेला पडतच नाही. शाळेला सुट्टी होती. नीरजा एकटीच छत्री घेऊन चौथऱ्यापाशी गेली. तिला फक्त ते बघायचं होतं. मनगटावर साडेबारा वाजून तीन-चार मिनिटं झाली तेव्हा शंकूची सावली एका बाजूने सरकत सरकत दगडाला येऊन चिकटली आणि नाहीशी झाली. काळ्या लाद्या लख्ख पडल्या. इकडे सावली नाही, तिकडे नाही. मध्ये उरला नुसता दगड, चार इंच जाड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पोटाखालून बाहेर पडलेल्या महिपतच्या रेघा.

तिने छत्री मिटली. उन्हात तशीच उभी राहिली.

तिच्या आराखड्यात शंकू म्हणजे एक रेघ होती. पुठ्ठ्याच्या घड्याळात तो पत्रा होता, रेघेइतकाच. शून्याला दहाने गुणलं तरी शून्यच. जाडी आराखड्यात नव्हती, म्हणून ती मोठी झाली नाही. ती बाहेरून आली, चहा पिताना, आणि तिनेच तिच्यापुढे बरोबरची खूण केली. जाड दगडाला कडा दोन. सकाळची सावली पश्चिमेच्या कडेची, दुपारची पूर्वेच्या. रेघा त्या त्या कडेच्या मुळातून निघायला हव्या होत्या, सकाळच्या दोन इंच इकडे आणि दुपारच्या दोन इंच तिकडे. बारा आणि अकराच्या टोकांमध्ये सगळे मिळून साडेचार इंच. त्यातले दोन दगडाने खाल्ले होते.

घरी येऊन तिने वही उघडली. बिडीचा कागद तिथेच होता. अकराच्या रेघेवर अठ्ठावन्न मिनिटं मागे, एकच्या रेघेवर आठ, मध्य तेहतीस. आठच्या रेघेवर चाळीस, चारच्या रेघेवर सव्वीस. मध्य पुन्हा तेहतीस. त्या रविवारी दगड आणि घड्याळ यांच्यात किती फरक असायला हवा होता, ते तिने आपल्या कोष्टकात बघितलं. तेहतीस. महिपतने नुसत्या डोळ्याने, बिडीच्या कागदावर, मिनिटाचीही चूक केली नव्हती. तिने इतकी शुद्ध मोजणी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून कधी करून घेतली नव्हती.

शाळा उघडल्यावर तिने देवदत्त सरांना सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. म्हणाले, स्मरणिका घरोघरी गेली, पाहुणे येऊन गेले, आता ते उकरून काय साधणार? महिपतला भेटून खाजगीत सांगून टाका. नीरजा हो म्हणाली.

आणि सांगितलं नाही. पावसाळा होता. मग महिपत हेदवीला होता, तिकडे जायचं तर जयगडची खाडी ओलांडायची. मग सहामाही परीक्षा. तो परत आल्याचं कळलं तेव्हा वार्षिक परीक्षा. खरं कारण यातलं एकही नव्हतं. पहिल्या आठवड्यात जे एका वाक्याचं काम होतं, ते महिन्याने दोन वाक्यांचं झालं, कारण आता उशिराचंही सांगावं लागणार होतं. आणि वर्षाने तर कुठून सुरुवात करावी हेच तिला कळेना. अशी दोन वर्षं गेली.

२००४ च्या एप्रिलात एका सकाळी ती एसटीने गेली. हातखंब्याच्या पुढे आत वाडी होती. महिपत घरापुढच्या खळ्यात सूप घेऊन काजूच्या बिया निवडत होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर हिरवा चष्मा. त्याने तिला ओळखलं, उठून खुर्ची मागवली. खुर्ची गंगाने आणली, ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

"दोन वर्सं लागली व्हय बाई इतवर यायला? एस्टी तर दिसाला तीन येतात," गंगा म्हणाली.

महिपतने गंगाला कोकम सरबत आणायला सांगितलं. नीरजाने वही मांडीवर घेतली आणि आकड्यांसकट सगळं सांगितलं. चूक माझी होती, तुम्ही दाखवलीत तरी मी बघितली नाही, आणि त्या दिवशी सगळ्यांपुढे मी जे बोलले ते बोलायला नको होतं. मग तिने ठरवून आणलेलं मागणं मांडलं. तुम्ही येऊन रेघा पुन्हा कोराव्यात. नावाचा दगडही बसवू. आता मुख्याध्यापिका मालिनीबाई आहेत, त्यांची हरकत नाही.

महिपत बिया निवडत राहिला. किडकी एकीकडे, चांगली दुसरीकडे.

"तुमी त्या दिशी जे बोललात, त्याचं मी धरून नाय बसलो," तो म्हणाला. "मोठ्या मानसांफुडं मी बी गप ऱ्हायलो. पन रेघा, बाई? मला दिसत व्हतं. दिसत असून मारल्या मी. चाळीस वर्सांत वाकडी भिंत नाय उभी केली, आनि सरळ रेघ खोटी मारली."

नीरजा म्हणाली की ते तिने सांगितलं म्हणून.

"तुमी सांगितलंत म्हनून. मी आयकलं म्हनून." त्याने सूप बाजूला सारलं. "नाव नको. छिन्नी बी माजी आता त्या दगडाला लागायची न्हाय. गनित तुमचं, तर रेघा तुमीच मारा."

तिला वाटलं, तो रागाने बोलतोय. पण तो रागात नव्हता. तिने सरबत संपवलं. गंगा खळ्याच्या कडेपर्यंत पोचवायला आली. नीरजा कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी पोचली तेव्हा मागून महिपतने हाक मारली. छिन्नी आडवी धरा, म्हणाला. उभी धराल तर लादी तडकंल.

त्या मे महिन्यात नीरजाने रेघा कोरल्या. सकाळी सात ते नऊ, ऊन चढेपर्यंत. एका दिवशी एक रेघ. आधी खडूने आखायची, दोन्ही कडांच्या मुळापासून, मग छिन्नी आडवी धरून हलके ठोके. पहिल्या दिवशी हाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी लादीचा कपचा उडाला. रेघ खडूची असेपर्यंत सरळ असायची, कोरताना कुठे फुगायची, कुठे घसरायची. तिने पट्टी लावून बघितली. तीन-तीन मिलिमीटर इकडे तिकडे. तिने ते वहीत लिहून ठेवलं. टोकं मात्र जिथे हवी तिथे येतील, एवढं सांभाळलं.

जुन्या रेघा सिमेंटने बुजवून टाकू या, म्हणजे चौथरा बरा दिसेल, असं मालिनीबाई म्हणाल्या. नीरजाने नको म्हटलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, त्या इतक्या चांगल्या आहेत की बुजवायला हात होत नाही.

आज त्या चौथऱ्यावर प्रत्येक तासाच्या दोन रेघा आहेत. एक सरळ, सुतात, आरशासारख्या कडांची. आणि तिच्याशेजारी एक वाकडीतिकडी. फलकावर नीरजाने एकच नवी ओळ घातली : वेळ वाकड्या रेघांवर वाचावी. ती वेळ दोन-तीन मिनिटांपलीकडे चुकत नाही. येणारेजाणारे हसतात आणि विचारतात, या वाकड्या रेघा कोणी मारल्या? ती सांगते, मी. मग उभी राहते, पुढचा प्रश्न येईल म्हणून. सरळ रेघा कोणाच्या, असं कोणी विचारलं, तर महिपत रांबाडे हे नाव ती पूर्ण सांगते, चूक कोणाची होती त्यासकट.

फारसं कोणी विचारत नाही.